दादाने कळवलेला हवामानाचा अंदाज

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. रंगपंचमीच्या आधी त्याने जालन्याला फोन करून सांगितलं की शनिवार-रविवारी नाशिकला पाऊस आहे, त्यामुळे आपल्या चौकातली रहाड या वर्षी उघडणार नाही, तू उगाच येऊ नकोस. पाऊस होता हे खरं. बाकी सगळं खोटं.

नाशिक न पाहिलेल्यांसाठी सांगतो. रहाड म्हणजे चौकाच्या पोटात बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो ओंडके आणि मातीखाली झाकलेला असतो, वरून रिक्षा आणि हातगाड्या जातात. रंगपंचमीला तो उकरून त्यात रंगाचं पाणी भरतात, पूजा करतात आणि मग माणसं त्यात उड्या घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. पहिला धप्पा मानाचा, आणि पंचवटीतल्या आमच्या चौकात तो आमच्या घराचा. आधी वडील घ्यायचे, ते गेल्यावर दादा. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना तो आपणहून म्हणाला, "बाळू, या वर्षी पहिला धप्पा तुझा. माझे गुडघे आता कुरकुरतात." मी काही मागितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी फाल्गुनाची वाट बघत होतो.

मी ताडपत्रीचा व्यापारी आहे. फुटपाथवर बसून सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे. पावसाचा अंदाज मी इतरांसारखा चाळत नाही, गिऱ्हाइकाचं तोंड वाचावं तसा वाचतो. दादाचा फोन ठेवल्यावर मी पेपर उघडला. नाशिक परिसरात ढगाळ हवा, सोसाट्याचा वारा, तापमानात घट, तुरळक ठिकाणी हलक्या सरी. असल्या सरींनी ताडपत्रीचा एक तुकडा विकला जात नाही. त्यांनी रहाड कशी बंद पडेल?

"त्यांनी येऊ नका सांगितलंय ना?" बायको म्हणाली.

"पावसामुळे नको म्हणालाय. पाऊस मी वाचलाय."

"मग वाचा आणि भिजा," म्हणून तिने स्वेटर पिशवीत कोंबला. चैत्राच्या तोंडावर स्वेटर. मला हसू आलं.

मनमाडला गाडी थांबली तेव्हा ते हसू गेलं. फलाटावर वारा असा सुटला होता की चहावाल्याचे रिकामे कागदी कप रुळांवर धावत होते. एरवी या दिवसांत मनमाडचा पत्रा तापून डोळ्यांवर येतो. आज आभाळ धुतलेल्या पाटीसारखं करडं होतं. समोरच्या बाकावर लासलगावकडची एक बाई होती, पदर कानाला घट्ट लपेटलेला.

"कुठं चाललात?" तिने विचारलं.

"रहाडीत उडी मारायला."

"या गारठ्यात?" तिने मला वरून खाली पाहिलं. "घरचे नाय म्हणले नाय का?"

"म्हणाले."

"मग लय शहाणे हायेत घरचे," ती म्हणाली आणि मला दोन चिकू दिले.

नाशिकरोडला उतरलो तेव्हा पाऊस म्हणावा असं काही नव्हतं, नुसती भुरभुर. पण वास आला. ओल्या धुळीचा, त्यात कुठेतरी द्राक्षांच्या पाट्यांचा आंबूस गोडवा. त्या वासाने मी एकदम शाळेच्या वयाचा झालो. रिक्षावाल्याने मात्र मला लगेच परत पन्नाशीपार आणलं. पंचवटीचं भाडं त्याने असं सांगितलं जणू त्र्यंबकेश्वरला नेऊन अभिषेकही घालणार होता.

"मीटर शोभेला लावलंय का?" मी म्हणालो.

"काका, पावसात मीटर भिजतं."

"भिजू दे. पैसे मी कोरडेच देणार आहे."

तो हसला, मीही हसलो, आणि निम्म्याच्या जरा वर सौदा पटला. सौद्यात दोघंही हसले तर समजायचं भाव बरोबर आहे.

पुलावरून गोदावरी दिसली. वाऱ्याने पाण्यावर काटा आला होता. घाटावर वाळत घातलेली धोतरं, साड्या झेंड्यांसारख्या फडफडत होत्या आणि बायका त्या धरून ठेवायला धावत होत्या. पंचवटीत शिरलो तर बोळाबोळांत रंगलेली पोरं, कुडकुडत, तरी पिचकाऱ्या भरत होती. मी रिक्षा अलीकडेच सोडली. आपल्या चौकात चालत जावं, अशी माझी सवय आहे.

आणि चौकात रहाड उघडी होती.

ओंडके एका कडेला रचलेले. मातीचा ढीग. चुलीवर मोठ्या काहिलीत पळसाची फुलं उकळत होती, तिचा धूर वाऱ्याने सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. हौदात केशरी पाणी डुचमळत होतं, त्यावर पावसाचे थेंब बारीक टिकल्या उमटवत होते. मी पाहतच राहिलो. लहानपणी पहिल्यांदा उडी मारली तेव्हा मी काठावर उभा राहून रडत होतो. दादा आत होता, रंगात गळ्यापर्यंत, आणि हात वर करून म्हणत होता, "ये, मी आहे. डोळे मीट आणि ये." मी डोळे मिटले नाहीत. खाली दादाचे दोन पंजे दिसत होते, केशरी, बोटं पसरलेले. मी त्या पंजांवर उडी मारली. वडील म्हणायचे, रहाडीत न्हालेल्याला वर्षभर ऊन बाधत नाही. मला खरंच कधी बाधलं नाही. फुटपाथवर भर उन्हात बसायचो तेव्हाही नाही.

"अरे, बाळू?" चौकातले गुरुजी पूजेचं ताट सावरत पुढे आले. "तू कसा काय? दादा तर म्हणाला तुला दम्याने धरलंय."

"मला?"

"म्हणाला, अंथरुणातून उठवत नाही."

शेजारच्या शांतामावशी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला लहानपणी पोळीचा लाडू करून भरवलेला आहे, त्यामुळे त्या मनात येईल ते बोलतात. "बरं केलंस आलास ते," त्या म्हणाल्या. "शेवटचाच ना हा तुमचा मान. पुढच्या महिन्यात दादा लेकाकडे चालला इंदिरानगरला. घर सोडलं की मान समोरच्या घराकडे. तुला माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. घर भाड्याचं होतं आणि ते कधीतरी सुटणार हे ठाऊक होतं. पण सुटलंय, आणि हा धप्पा आमच्या घराचा शेवटचा आहे, हे मला परक्यासारखं ओट्यावर कळलं.

तेवढ्यात दादा दिसला. पांढरा लेंगा, उघडं अंग, गळ्यात झेंडूचा हार. गारठ्याने खांदे आकसलेले. गुरुजी मंत्र म्हणायला लागले होते. दादाने मान वर केली आणि त्याला मी दिसलो. मी हाक मारली. त्याने एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मंत्र अर्धा असतानाच स्वतःला हौदात झोकून दिलं.

चौक ओरडला. गुरुजी हातात अक्षता धरून तसेच राहिले. मी पिशवी मावशींच्या मांडीवर टाकली, चपला सोडल्या आणि शर्टासकट त्याच्या मागे उडी मारली. पाणी अजून कोमट होतं, वर डोकं गारठलेलं. दादा डोळ्यांतला रंग पुसत उभा होता.

"आलास?" तो म्हणाला.

"पाऊस होता ना?"

"पडतोय की."

"दादा, तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, कारण काठावर सगळे ऐकत होते, "तू मिसरूड फुटायच्या आत जालन्याला गेलास. दरसाल माती मी उपसली. ओंडके मी उचलले. शेवटची उडी तुझी? कोणत्या हिशोबाने?"

"मग दिवाळीत कशाला म्हणालास?"

"तेव्हा शेवटची आहे हे माहीत नव्हतं."

वरून मागची पोरं ओरडायला लागली, "काका, बाहेर या, की आत संसार मांडताय?" आणि आम्हाला वर यावं लागलं.

घरी वहिनीने गरम पाणी काढून ठेवलं होतं. अर्धं सामान खोक्यांत बांधलेलं. तिने आम्हा दोघांना शेजारी बसवून खिचडी वाढली, वर तुपाची धार सोडली. "मी यांना सांगत होते, भावोजींना फोन करून सरळ सांगा," ती म्हणाली. "तर म्हणे, तो भाव करेल." दादा पापड मोडत राहिला. मी खिचडी पुन्हा घेतली, पण काय खातोय याकडे लक्ष नव्हतं.

रविवारी वारा आणखी वाढला. दादा स्कूटरवरून मला स्टेशनला सोडायला आला, त्याच्या पाठीआड मी बसलो होतो. रंग दोघांच्याही कानामागे तसाच होता. वाटेत त्याने गाडी थांबवून उलटा वडापाव (पावात वडा भरून वरून बेसनात तळलेला) घेऊन दिला. आम्ही दुकानाच्या वळचणीखाली उभे राहून तो खाल्ला. पाऊस थांबला तरी तिथेच उभे होतो. फलाटावर त्याने माझी पिशवी डब्यात ठेवली, खिडकीच्या गजाला हात लावला आणि म्हणाला, "पोचलास की फोन कर." एवढंच.

गाडी सुटल्यावर मनात आलं ते लिहितो. मी आयुष्यभर भाव केला. गिरणीवाल्याशी, हमालाशी, घरमालकाशी, डॉक्टरशीसुद्धा. ज्याच्याशी कधीच केला नाही असा एकच माणूस आहे. काठावर रडत होतो तेव्हा त्याने ये म्हटलं आणि मी गेलो, खाली पाणी किती आहे हे विचारलं नाही. नाशिक सोडताना त्याने जा म्हटलं, आणि मी गेलो.

दादा, तू हे वाचशील, नाहीतर वहिनी वाचून दाखवेल. उडी तू घेतलीस, ती तुझीच होती, मला मान्य आहे. तू नुसतं म्हणाला असतास, बाळू, घर सुटलंय, शेवटची मला घेऊ दे, तर मी जालन्याहून येऊन तुझ्या गळ्यात तो हार घातला असता. तू मागितलं नाहीस. धाकट्या भावाला लांब ठेवायला खोटं बोललास, आणि चौकासमोर मला आजारी पाडलंस. मी तुला नाही म्हणेन असं तुला वाटावं, असं मी कधी काय केलं? मला याचं उत्तर हवं आहे. फोनवर नको. इंदिरानगरला मी येतो, समोर बसून दे.