वजडीवरची लाल फुली

"हे काय आणलंयस? वजडी? शी!" सरांनी माझी वही दोन बोटांत धरून अख्ख्या वर्गाला दाखवली. "मराठीचा वर्ग आहे हा, खाटकाचं दुकान नाही."

वर्ग खदखदून हसला. शेजारच्या मुलीनं आपला डबा बाकावरून उचलला आणि पलीकडं ठेवला.

सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते मी. सरांनी मार्कांचं काम दिलं होतं : प्रत्येकानं घरातले शब्द गोळा करायचे, अर्थ आणि उगम लिहायचा, कॉलेज त्याची पुस्तिका छापणार. मी चाळीस शब्द आणले होते. वर्गात सगळ्यांत जास्त.

वजडीसाठी आईला विचारलं, हा शब्द आला कुठून? ती न्हाणीपाशी वजडीच साफ करत बसली होती. उकळत्या पाण्यात बुडवायची, चुना चोळायचा, सुरीनं काळी साल खरवडायची. म्हणाली, "कुटनं म्हंजे? बकऱ्याच्या पोटातनं आला की! मटण ज्यांचं त्यांनी न्हेलं. पोट तेवढं आमाला ऱ्हायलं. ते पांढरं हुस्तवर धुतलं, तवा तुमी जगला."

मी जसंच्या तसं उतरवलं. अर्थ : बकऱ्याचं खायचं पोट. उगम : आईचं बोलणं. मूर्खच मी! वाटलं, सर खूश होतील.

सरांनी त्यावर लाल फुली मारली. "असले शब्द घरात ठेवायचे. बाकीचे एकोणचाळीस छान आहेत, ते घेतो."

मी मान खाली घालून उभी. आणि एकदम डोकं सणकलं. तुमच्या घरचं पुरण चालतं, कटाची आमटी चालते, उगमासकट. माझ्या आईनं चुन्यानं हात सोलून घेतले, त्याला शी? हॉटेलच्या पाटीवर 'वजडी फ्राय' लिहिलेलं असतं. तिथं रविवारी रांग लावता, तेव्हा कुठं जाते तुमची किळस?

वही मी त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"चाळीस घ्या, न्हाईतर एकबी न्हाय."

"मार्क जातील तुझे."

"जाऊ द्यात की."

गेले. पुस्तिका माझ्याशिवाय निघाली. पहिला वर्ग थोडक्या मार्कांनी हुकला. आई रडली. "एका शब्दापायी गं?"

व्हय, एका शब्दापायी.

सरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. शब्द गोळा करणं चालू आहे, लई झालेत आता. पुस्तक मीच काढणार. पहिल्या पानावर वजडी असेल, आईच्या तोंडच्या उगमासकट. ज्याला शी वाटेल, त्यानं तिथंच पुस्तक मिटावं. पुढच्या एकाही शब्दाला त्यानं हात लावायचा नाही.