प्रागला सूर्य चारलाच मावळतो

प्रागच्या पुलावर दिवे कसे लागतात हे राजकुंवरबाईंना ठाऊक होतं, मेहरूणच्या तलावावर कसे लागतात ते मात्र ठाऊक नव्हतं. हसू नका. जळगावातल्या जळगावात, पिंप्राळ्यातल्या घरापासून तलाव रिक्षानं असा कितीसा लांब! पण जैनांचं घर, सूर्य बुडायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकलीच पाहिजेत, म्हणजे चार वाजायच्या आधीच बाई स्वयंपाकघरात. धुळ्याहून लग्न होऊन आल्या तेव्हापासून हेच. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. धाकटे दीर सुरेशचंद म्हणाले, "भाभीसा, हे घर तुमचंच आहे." घराचं देव जाणे, स्वयंपाकघर मात्र नक्की त्यांचं होतं. बाकीचे जेवून पाय मोकळे करायला बाहेर पडत, तेव्हा बाई ओटा धूत असत.

युरोपचं खूळ त्यांच्या डोक्यात मोबाइलनं भरवलं. दुपारी जरा पाठ टेकली की त्या लोकांच्या प्रवासाचे व्हिडिओ बघायच्या. पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना. कुठून कुठं रेल्वेनं जायचं, कुठं बस बरी पडते, सगळं तोंडपाठ. एकदा धीर करून त्यांनी जेवताना विषय काढला, तर सुरेशचंद हसून म्हणाले, "भाभीसा, आधी बोदवडला तरी एकट्या जाऊन या!"

हसले खरे, पण मग व्यापारी डोकं चालायला लागलं. दुकान ताडपत्र्या-छत्र्यांचं, पावसाळा सरला की गिऱ्हाईक नाही. नोव्हेंबरअखेर चातुर्मासही संपलेला, प्रवासाला हरकत नाही. वर तिकडं तेव्हा गर्दी ओसरलेली असते, विमान स्वस्त, घरं स्वस्त. एवढं सगळं जुळल्यावर कोण नाही म्हणतो? ठरलं! सुरेशचंद, धाकटी जाऊ, त्यांचा मुलगा अमन, सून विधी आणि राजकुंवरबाई.

तेव्हापासून बाईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. शहरं त्यांनी ठरवली, मुक्काम त्यांनी ठरवले. सकाळी चहा-नाश्ता घरचा व्हावा म्हणून प्रत्येक ठिकाणी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट शोधला. प्रागचा तर थेट पुलाला लागून. धुळ्याच्या बहिणीला फोनवर म्हणाल्या, "मला बाई एक संध्याकाळ पाहिजे. जवळचे खाखरे उजेडातच खाऊन घेईन. मग कुणाला वाढायचं नाही, कुणी हाक मारायची नाही. दिवे लागताना नुसतं बघत उभी राहीन." बहीण म्हणाली, "वेडी का खुळी!" पण म्हणता म्हणता रडली.

आणि एका रविवारी व्हिसाच्या कागदांसाठी सगळे बसले असताना सुरेशचंदांनी सवयीनं सूर्यास्ताची वेळ पाहिली. जळगावची नव्हे, प्रागची. चार वाजून पाच-सात मिनिटं!

घ्या! इतके दिवस विमानं पाहिली, थंडीचे कपडे पाहिले, आणि सूर्य बघायचा राहूनच गेला. "म्हणजे चारच्या आत जेवायचं?" जावेनं हायच खाल्ली. बाहेर कांदा-लसूण-बटाट्याशिवाय मिळणार काय? आणि सुरेशचंदांना मधुमेह, खाखऱ्यांवर त्यांचं भागायचं नाही.

अमननं चुटकीसरशी तोड काढली. "एवढं काय त्यात? बडी मम्मी आहेत ना! दुपारी अडीचला त्यांना फ्लॅटवर सोडायचं. आपण साडेतीनला येऊन जेवायचं आणि परत दिवे बघायला बाहेर."

"आणि मी?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला मागचं आवरायचं असेल ना," विधी म्हणाली. "शिवाय थंडी केवढी असते! पूल तर खिडकीतूनही दिसेल, बडी मम्मी. तुम्हीच तर फ्लॅट शोधलाय."

प्रेमानं बोलली हो पोरगी, तेच जास्त झोंबलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "रोज दुपारी चूलच फुंकायची तर पिंप्राळा काय वाईट आहे?" त्या म्हणाल्या. "मी येत नाही. तुम्ही जा."

बोलून गेल्या, आणि वाट बघत राहिल्या. आता कुणीतरी म्हणेल, असं काय करता, तुमच्यामुळेच तर निघालोय. कुणीतरी म्हणेल, एक दिवस आम्ही खाऊ काहीबाही, तुम्ही या पुलावर. मेलं खोटं खोटं तरी म्हणायचं!

सुरेशचंदांनी व्हिसाचे कागद पुढं ओढले. मग अमनला म्हणाले, "पारोळ्याच्या रुपचंद महाराजांना फोन लाव. पासपोर्ट आहे त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी महाराज आले. लग्नाकार्यात हजारांच्या पंगती उठवलेला स्वयंपाकी, सोफ्यावर ऐसपैस बसला. राजकुंवरबाईंनी चहा आणून ठेवला. सगळं ऐकून घेऊन महाराज म्हणाले, "शेठ, येतो. पण एक सांगतो. चारला तुमचं जेवण झालं की मी मोकळा. एवढ्या लांब आलो तर संध्याकाळी गाव बघायला मी बाहेर पडणार. भांडी तुमची तुम्ही बघा."

"अहो, हे काय सांगणं झालं!" सुरेशचंद लगेच म्हणाले. "भांडी मुलं घासतील. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळ नको का?"

बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. "देवरसा," त्या म्हणाल्या, "हे मला का नाही म्हणालात?"

सुरेशचंदांना प्रश्नच कळला नाही.

"भाभीसा, ते बाहेरचे," ते म्हणाले. "तुम्ही तर घरच्या."