कोटवाल्याच्या बोलाची उगवण

अनसिंगच्या रुख्मिणीनं बियाणं तपासल्याशिवाय कधी पेरलं नाही. दुकानातली थैली असो की घरचं सोयाबीन, मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, कोंब किती फुटले ते पाहायचं, मग पुढची बात. स्वभावच तसा. सून पाहायला गेली तेव्हाही तिनं पोरीपेक्षा पोरीच्या मायलाच जास्त न्याहाळलं होतं.

औंदा मात्र तिचं डोकं चालेना. नव्या घराच्या भिंती उभ्या होत्या, वर अजून टिनं. उन्हाळ्याआधी स्लॅब टाकायचा तर तो खोलीत रचलेल्या सोयाबीनच्याच भरवशावर. आता विकावं की थांबावं? पोरगा सतीश मोबाइलवरच्या एका बाजारतज्ज्ञाचा भक्त. कोट घातलेला तो माणूस मागं रेघोट्यांचा तक्ता लावून सांगे, संक्रांतीनंतर भाव चढणार. शेजारचा देवमन दुसऱ्या तज्ज्ञाचा. तो सांगे, पडणार. दोघंही शिकलेले, तक्तेही सारखेच.

रुख्मिणीला वाटलं, यांचीही उगवण पाहून घेऊ. तिनं नातीला, पल्लवीला विचारलं, "या कोटवाल्यानं मांगच्या साली काय सांगतलं होतं?"

"कोनाच्या ध्यानात हाय, आजी?"

"मोबाइलच्या तर असन. काढ."

आणि खरंच, सगळं जुनं त्यात होतं. पल्लवी त्याचा एकेक बोल ऐकवी आणि मग बाजारात काय झालं ते सांगे. गोंधळ तिथूनच सुरू झाला. दिवाळीत तो म्हणाला होता, भाव वाढतील, पण आवक वाढली तर पडतीलही. भाव पडले. पुढच्या खेपेला म्हणाला, मी सांगितलंच होतं. मग म्हणाला, तेजी येईल. आली, पण अर्ध्या गावाचा माल विकून झाल्यावर.

"उशिरा उगवलेलं धरतं का तू, आजी?"

"वखर फिरल्यावर उगवलं त मी काय करू त्याचं?"

शेवटी पल्लवीनं लावलेल्या बोलात तो ठासून सांगत होता, थांबू नका, माल काढून टाका. त्यानंतर तर भाव वाढलेच होते, पल्लवी म्हणाली. आजीला नीट ऐकू आलं नाही म्हणून तिनं ते पुन्हा लावलं, मोठ्या आवाजात. ओसरीवर सतीश चपला काढत होता. त्यानं आवाज ओळखला आणि आल्या पावली फिरला. दोघी हरभऱ्याकडे वावरात गेल्या, तेवढ्यात गावातल्या किशनची मालगाडी बोलावून त्यानं सगळी पोती वाशीमच्या बाजारात नेऊन विकली.

रिकामी खोली पाहून रुख्मिणीनं सतीशला हाक मारली.

"तज्ज्ञच म्हने, काढून टाका," सतीश म्हणाला.

"अरे लेका, ते मांगच्या सालचं होतं."

सतीशनं पल्लवीकडे पाहिलं. पल्लवीनं चुलीकडे.

पुढं भाव थोडे चढले, सतीशचं तोंड उतरलं. मग घसरले, तेव्हा तो गावभर सांगत फिरला. पुन्हा चढले, तसा घरात बसला. देवमनच्या मते माल घरात वाळून वजनात घटलाच असता, म्हणजे बरं झालं. किशनच्या मते चुकलंच. आलेल्या पैशात पुढच्या खोलीवरच स्लॅब टाकून झाला, मागची टिनाखालीच राहिली.

रुख्मिणी ओल्या स्लॅबवर पाणी मारत होती. सतीश बादली घेऊन वर आला आणि हळूच म्हणाला, "माय, मंग तो मानूस खरा का खोटा?"

"ज्या साली 'काढून टाका' सांगतलं त्या साली त चुकला. अन या साली त्यानं ते सांगतलंच नाही, त बरोबर निघाला का नाही, हेच मले समजून नाही राह्यलं. तू बादली दे इकडं."