सोर्स हरवला तो शनिवार

शिशाच्या डब्यातली एक खाच रिकामी होती. मी डबा बंद केला, पुन्हा उघडला. रिकामीच.

कामोठ्याजवळच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. त्या शनिवारी एस.वाय.ची मुलं आणि त्यांचे पालक लॅब बघायला आले होते. टी.वाय.ला आमच्याकडे दोन इलेक्टिव्ह असतात, त्यातलं एक निवडायचं: न्यूक्लिअर फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स. प्रयोग डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा, ही कल्पना माझीच.

न्यूक्लिअरच्या टेबलावर सोर्स मांडले होते. सोर्स म्हणजे नाण्याएवढी प्लॅस्टिकची चकती, तिच्यात किंचित किरणोत्सारी पदार्थ. शिकवण्यापुरता, अगदी कमजोर. हातात धरून काही होत नाही. पण एखाद्या लहान मुलाने तोंडात घातली तर?

बहुतेक सगळे गेले होते. उरणची सायली आणि तिचे वडील तेवढे थांबले होते. तिला न्यूक्लिअर हवं होतं. वडील कंटेनर यार्डात कामाला. त्यांचा आग्रह इलेक्ट्रॉनिक्सचा. "रेडिएशननं पोरीला काय व्हनार नाय ना, सर?" असं त्यांनी मला मघाशीच विचारलं होतं. "सगळं कडीकुलपात असतं," असं मी ऐटीत सांगितलं होतं.

प्रिन्सिपल मॅडमना फोन लावला.

"नीट बघितलंत?"

"टेबलाखाली, ड्रॉवरमध्ये, सगळीकडे."

"सर, लगेच शोधा. नाही मिळाला तर मला वर कळवावं लागेल. पोलिसांनाही."

लपवण्यात अर्थ नव्हता. मी दोघांना सांगितलं. वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी सायलीचा हात धरून तिला टेबलापासून मागे ओढलं.

मी बॅटरीवर चालणारा जी.एम. काउंटर काढला. या यंत्राला एक नळी असते. नळीतून किरण गेला की टिक असा आवाज येतो. आधी मी आम्हा तिघांचे खिसे आणि बॅगा तपासल्या. काही नाही.

"सर," सायली म्हणाली, "मुलांनी समोशाच्या प्लेटा त्याच टेबलावर ठेवल्या होत्या."

प्लेटा! त्या तर कचऱ्यात गेल्या होत्या. आणि कचऱ्याची गाडी गेटवर उभी होती, खिडकीतून दिसत होती. काउंटर आणि चिमटा घेऊन आम्ही तिघं जिन्याने पळत सुटलो.

आमच्या कचऱ्याच्या पिशव्या गाडीत चढल्या होत्या. ड्रायव्हर वैतागला. "ओ सर, पुढच्या सोसायट्या बाकी आहेत. जाऊ द्या ना."

सायलीचे वडील गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "गाडी हलवायची नाय!"

पिशव्या खाली उतरवल्या. मी इतक्या घाईने नळी फिरवत होतो की ती पिशवीवर आपटायला लागली. "मी धरते," सायली म्हणाली आणि तिने ती माझ्याकडून घेतली.

टिक... टिक. एवढा आवाज कुठेही येतो, थोडे किरण जमिनीतून आणि आकाशातूनही येतच असतात. पहिली पिशवी तशीच. दुसरी तशीच. मला डोळ्यांसमोर पोलीस, पेपरातली बातमी, डम्पिंग ग्राउंडवर कचरा वेचणारी माणसं दिसायला लागली.

तिसऱ्या पिशवीवर काउंटर फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला.

चिमट्याने प्लेटा एकेक बाजूला केल्या. चटणीने बरबटलेली चकती एका कागदी प्लेटच्या खाली चिकटली होती. मी फुटपाथवरच बसलो.

"सर, कोनाच्या पोटात गेली असती तर?" वडिलांनी विचारलं.

मॅडमना मी सगळं लेखी दिलं. मीटिंगमध्ये बोलणी बसली, ती रास्तच होती.

सोमवारी बापलेक पुन्हा आले. वडील म्हणाले, "घेऊ दे तिला न्यूक्लिअर. तिनंच शोधली ना!"

"मी इलेक्ट्रॉनिक्स घेतेय, सर," सायली म्हणाली.

"घाबरलीस का?"

"घाबरले तर होतेच. पण ते कारण नाही. किरण दिसत नाही, वास नाही, तरी मशीनला कळतं. तसं मशीन मला बनवता आलं पाहिजे."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

मुलांना विषय निवडण्याआधी लॅब दाखवावी, हे माझं मत अजूनही तेच आहे. फक्त चकत्या पाहुणे निघायच्या आधी मोजायच्या, नंतर नाही.