दोन दारांची भट्टी

पडदा वर जातो. डावीकडे विटांची जुनी भट्टी, पोटात लालबुंद उजेड. उजवीकडे छताला टेकलेली ट्रेंची चळत. मधे लांबलचक टेबल, त्यावर मैद्याची पांढरी साय. लोणी आणि साखर करपायच्या अगदी आधी जो वास येतो ना, तो सगळीकडे भरून राहिलेला. आणि मागच्या भिंतीत, बरोब्बर मध्यावर, बोळात उघडणारं एक दार. या गोष्टीतला खलनायक म्हणजे ते दार.

टेबलाशी पदर खोचून उभी आहे ती आत्या. खरी आत्या ती भावाच्या दोन पोरींची. पण त्या पोरी तिला हाकाच अशा खणखणीत मारायच्या, की सगळा रस्ता तिला आत्या म्हणायला लागला. पोस्टमन, दूधवाला, तिच्याहून वयानं मोठी गिऱ्हाइकंसुद्धा.

वडील गेले तेव्हा भट्टी विकायची असं घरात ठरूनच गेलं होतं. आत्या तेव्हा कापडाच्या दुकानात नोकरीला होती. विझवलेल्या भट्टीसमोर ती येऊन उभी राहिली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि म्हणाली, "अजून कोमट आहे. विकू नका." झालं! दुसऱ्या दिवशी कापड सुटलं आणि बिस्किटं हातात आली. तेव्हापासून तिनं भट्टीला गार म्हणून पडू दिलं नाही. फक्त एकदा पडली, आणि ती त्या दारापायी.

त्याचं असं झालं, की अन्नखात्याचे साहेब पांढऱ्या स्कूटरवरून यायचे आणि बजावायचे, "मागचं दार जाळीचं पाहिजे, आणि कायम कडी लावलेलं. माशी दिसली तर परवाना विसरा." अग्निशमनचे साहेब लाल जीपमधून यायचे आणि गरजायचे, "मागच्या दाराला कडी? माणसं भाजून मारायचीत का? दार बाहेर उघडणारं पाहिजे, नुसत्या धक्क्यानं!" आता जाळीचं दार होतं आत उघडणारं, कडीवालं. ते ठेवलं की लाल साहेब डोळे वटारणार. लाकडी, बाहेर उघडणारं बसवलं की पांढरे साहेब नाक मुरडणार. एकदा जाळीचं लावलेलं असताना लाल जीप आली आणि भट्टीला सील लागलं. सील काढायला ह्याची सही, त्याचा शिक्का, हे साहेब रजेवर, ते साहेब दौऱ्यावर. तोवर भट्टी अशी गारठली की आत्या रोज येऊन विटांवर हात ठेवायची, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

सील एकदाचं निघालं. पुढच्या खेपांना तिला तारलं सुतारदादानं. हा गृहस्थ तरुणपणी नाटकमंडळीत नेपथ्य उभं करायचा. पडदा पडून पुन्हा वर जाईपर्यंत राजवाड्याची झोपडी करणारा माणूस. त्याला दोन दारांचं काय! त्यानं चौकटीच्या दोन्ही बाजूंना बिजागऱ्या ठोकल्या आणि त्यातल्या दांड्या उपसता येतील अशा केल्या. एक दार चौकटीत, दुसरं कोपऱ्यात मैद्याच्या पोत्यांमागं लपलेलं. आत्याची वहिनी पुढं गल्ल्यावर बसायची. रस्त्यावर नजर गेली की तिथूनच ओरडायची, "वन्सं, पांढरे!" किंवा "वन्सं, लाल!" की दांड्या उपसल्या, दार फिरलं, दांड्या ठोकल्या. साहेब आत येईपर्यंत वहिनी गल्ल्यावर आणि आत्या टेबलाशी मैदा मळत उभी.

"घाई करायची, पण धावायचं नाही," सुतारदादा शिकवायचा. "प्रेक्षकाला धाप ऐकू येते."

वर्षानुवर्षं हा प्रयोग हाऊसफुल्ल चालला. आणि एक दिवस बातमी आली, की नवी पद्धत सुरू होतेय. यापुढं सगळ्या खात्यांचे साहेब एकाच दिवशी, एकत्र येणार, तेही आधी कळवून. पसंत पडलं तर परवाना थेट काही वर्षांचा. नाही पडलं तर सील. सगळा रस्ता खूश झाला. शेजारचा शिंपी तर आनंदानं कात्री वाजवत नाचला. आत्या मात्र मटकन पोत्यावर बसली.

"पांढरे आणि लाल एकदम! अगं वहिनी, आता दार कुठलं लावू?"

"दोन्ही लावू, वन्सं. एकापुढं एक."

लावून पाहिली. लाकडी दाराची मूठ जाळीत अशी अडकली की धड ते उघडेना, धड हे. वहिनी बाहेर बोळातच अडकली. रस्त्याला पूर्ण वळसा घालून पुढच्या दारानं परत आली तेव्हा घामाघूम. "एवढ्यात मी माहेरी जाऊन आले असते!" ती म्हणाली, आणि इतक्या काळजीतही दोघी पोट धरून हसल्या.

तपासणीच्या सकाळी आत्यानं सगळ्या दांड्या उपसल्या, पोत्यांचा आडोसा बाजूला ओढला आणि दोन्ही दारं उजेडात भिंतीला टेकवून ठेवली. मधे नुसती चौकट.

"वन्सं, वेड लागलं का तुम्हाला? सील ठोकतील!"

"ठोकू देत. आता जे आहे ते दिवे लावून दाखवायचं."

साहेब आले. पांढरे, लाल, आणि त्यांच्यापुढं, हातात टॉर्च घेतलेल्या एक नव्या मॅडम, या तपासणीच्या प्रमुख. मोकळ्या चौकटीसमोर तिघं थांबले.

"दार कुठंय?" लाल साहेब.

"ही काय, दोन आहेत." आत्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा लागला. "हे यांचं, ते तुमचं. तुम्ही आलात की तुमचं लावते, हे आले की यांचं. आज दोघंही आलात. आता तुम्हीच काय ते ठरवा, मग लावते."

वहिनीनं गल्ल्यावर डोळे मिटून घेतले. पांढरे साहेब लाल साहेबांकडं वळले.

"तुम्ही कडी काढायला सांगितलीत? आणि माशा?"

"माशा जळून मेल्या तर चालेल हो, माणसं नकोत! कडी तुमची होती होय?"

"मग काय! तुमच्याच दारानं इथं मुंग्यांची वरात आलेली!"

मॅडमनी दोघांना थोडा वेळ भांडू दिलं. मग जाळीच्या दाराला बोटानं टिचकी मारून विचारलं, "हे बाहेरच्या बाजूला उघडलं, तर माशीला काही फरक पडतो?"

पांढरे साहेब विचारात पडले. "नाही पडत."

"आणि कडीऐवजी स्प्रिंग बसवली? आपोआप बंद होईल, धक्का दिला की उघडेल."

"मग माझं काहीच म्हणणं नाही," लाल साहेब म्हणाले, आणि स्वतःच चमकले. इतक्या वर्षांचं दुखणं, आणि औषध एवढंसं! आत्याला हसावं की टाळ्या वाजवाव्यात कळेना.

पण मॅडमचा टॉर्च फिरतच होता. पोती हलवल्यामुळं उघड्या पडलेल्या कोपऱ्यात तो थबकला. भट्टीला जाणारी गॅसची नळी तिथं बरोब्बर वाकाशी तडकलेली होती. आजवर येणारा प्रत्येकजण दार तेवढं बघायचा. आणि नळीपुढं पोती रचली होती ती दुसरं दार लपवायला.

"भट्टी आत्ताच्या आत्ता बंद," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण सवलतही नव्हती. "नळी बदलल्याशिवाय पेटवायची नाही."

आत्यानं वळून वहिनीकडं पाहिलं. दुपारी गल्ला मिटला की त्या नळीशेजारीच वहिनी रोज स्टूल टाकून बसायची. स्वतःच्या हातानं आत्यानं गॅस बंद केला. आतला उजेड विझला.

"सही कुणाची लागेल?" तिनं कसंबसं विचारलं. "कोण रजेवर आहे?"

"कुणीच नाही," लाल साहेब म्हणाले. "नळी बसली की फोन करा. मी आजच येतो."

आणि मग जी पळापळ झाली! शिंपी धावत जाऊन गॅसच्या मिस्त्रीला घेऊन आला. वहिनीनं गल्ला सोडून पोती पार पुढच्या भिंतीला नेली. सुतारदादानं जाळीच्या दाराच्या बिजागऱ्या उलट्या फिरवल्या, स्प्रिंग ताणली, आणि या खेपेला दांड्या कायमच्या ठोकल्या.

"माझा शेवटचा प्रयोग," तो कुरकुरला. "आता पोट कसं भरायचं?"

"बिस्किटं खाऊन," वहिनीनं ऐकवलं.

लाल जीप आली ती ऊन कलायच्या आत. साहेबांनी साबणाचं पाणी लावून नळी तपासली, दाराला धक्का मारला, ते उघडलं, आपलं आपण मिटलं. त्यांनी लहान मुलासारखा आणखी एकदा धक्का मारला. मान डोलावली.

आत्यानं भट्टीत कोपरापर्यंत हात घातला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"कोमट आहे!" ती ओरडली, आणि भट्टी पेटली.

पहिला ट्रे फुलला. वासानं खोली भरली. वहिनी बोळात जायला निघाली आणि सवयीनं दारावर कडी चाचपत राहिली. टेबलापासून आत्याची हाक आली:

"कडी कसली शोधतेस, वहिनी? ढकल! बाहेर ढकल, आणि जाऊ दे वास सगळ्या रस्त्यावर!"