नथूभाऊंनी राखलेली नजर

शाहपुरात एका बागाईतदाराच्या ओसरीवर केळीच्या भावावरून आमची हुज्जत चालली होती. तेवढ्यात आतून त्याचा मुलगा म्हणाला, "शेठ, बुऱ्हाणपूरहून फोन आहे." नथूभाऊ गेले होते. मी सौदा तसाच सोडून निघालो. आयुष्यात अर्धवट सोडलेला बहुधा तो एकच. आज सव्वा महिना झाला. भेटतील ते लोक हळहळतात, "बिचारे, डोळ्यांनी अधू होते..." ही हळहळ मला खपत नाही. नथूभाऊ बिचारे नव्हते. ज्या दुखण्यानं माणसं ठार आंधळी होतात, त्याला त्यांनी सत्तावीस वर्षं उंबऱ्याबाहेर उभं करून ठेवलं. ते कसं, तेवढं सांगायचं आहे.

मी जसोंडी गावाहून बुऱ्हाणपूरला आलो तेव्हा कापसाच्या बाजारात पाठीवर बोजे वाहत होतो. कापूस कसा पाहावा हे मला नथूभाऊंनी शिकवलं, आणि ते पाहणं डोळ्यांचं नव्हतंच. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांमध्ये ओढायचा, धागा किती ताण सोसतो ते बोटांना कळायचं. भावसुद्धा तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायची, आणि पटलं की पंजा एकदा घट्ट दाबायचा. त्या दाबानंतर कुणी मागे फिरत नसे. सगळा धंदा हाताचा. म्हणूनच त्यांचे डोळे जात होते ते बाजाराला कळलं नाही, आणि त्यांनाही नाही.

माझं स्वतःचं दुकान झालं त्याच सुमारास त्यांनी माझा रामराम घेणं बंद केलं. शहराच्या शनवारा दरवाजापाशी मी रोज बाजूनं हात जोडायचो आणि ते सरळ पुढे निघून जायचे. माझं चांगलं झालेलं यांना बघवत नाही, असं मी धरून चाललो. दोन वर्षं बोललो नाही. चारचौघांत त्यांना मगरूर म्हटलं. मग एके दिवशी भर बाजारात डावीकडून येणाऱ्या बैलगाडीच्या जुवावर ते सरळ जाऊन आदळले. माझ्या तोंडून निघून गेलं, "आंधळे झालात का?"

कपाळावरचं रक्त पुसत ते म्हणाले, "कोण, गणपत? असेल बाबा. हल्ली गाड्या कुठून उगवतात कळत नाही. पण तू बोललास हे बरं झालं. मला वाटलं, दुकान झालं, आता हा कशाला रामराम करतोय."

मी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यावर बारीकसं वजन ठेवून दाब मोजला. मग मान हलू न देता बाजूनं स्वतःचं बोट पुढे आणलं. दिसलं की सांगा, म्हणाले. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा भाऊ म्हणाले, "आलं." उरलेल्या नजरेचं वर्तुळ डॉक्टरांनी कागदावर काढून दिलं. काचबिंदू होता. डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही, दाब वाढतो, आणि पाहिलेलं मेंदूकडे नेणारी मागची नस कडेकडेनं मरत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

"परत किती मिळेल?" मी विचारलं.

"मेलेली नस परत येत नाही. उरलंय तेवढं राखता येईल. थेंब दिवसातून चार वेळा, जन्मभर. एकही चुकवायचा नाही."

"साहेब, असं कसं? एवढ्या लांबून आलो. निम्मं नाही तर चार आणे तरी द्या!"

मी आणखी बोलणार, तेवढ्यात उपरण्याखाली भाऊंनी माझा पंजा धरला आणि एकदा घट्ट दाबला. सौदा ठरला होता.

ते थेंब सोपे नव्हते. टाकले की कपाळ ठणकायचं, तासभर सगळं धूसर. गिरणीचा भोंगा झाला की भाऊ कापसाच्या ढिगावर मान टाकून आडवे व्हायचे; समोर लाख मोलाचं गिऱ्हाईक असो, थांबायचं. पोरं म्हणायची, "भाऊ आभाळात भाव बघून राहिले!" भाऊ पडल्या पडल्या म्हणायचे, "हो, आणि तुमचा उतरलाय." त्याच वर्षांत राज्यांची नव्यानं वाटणी झाली. आमचं सगळं नागपूर बघता बघता दुसऱ्या राज्यात गेलं, तिथून थेंबांच्या बाटल्या पाठवणारे ओळखीचे सरकारी बाबू भोपाळला गेले, आणि त्या आणणारं कुणी उरलं नाही. एकदा दोनच दिवसांचे थेंब शिल्लक राहिले. मी भुसावळवरून रात्रंदिवस प्रवास करून नागपूर गाठलं, दुकानदाराशी भांडलो आणि सहा महिन्यांच्या बाटल्या घेऊन आलो. भाऊंनी बाटल्या चाचपल्या आणि विचारलं, "भांडलास ना?" म्हटलं, "भांडलो." "मग ठीक. माल खरा असेल."

गेल्या वर्षी इंदूरच्या तरुण डॉक्टरनं त्यांची नजर तपासून कागदावर तिचा आकार काढला. भाऊंनी पिशवीतून नागपूरचा जुना, घडीवर फाटलेला कागद काढून शेजारी ठेवला. दोन्हींवरचं वर्तुळ तेवढंच. तो पोरगा खुर्चीतून उठून उभा राहिला. "दादाजी, हे कसं जमवलं?"

भाऊ म्हणाले, "भोवतीची रुई गेली, पण आतली सरकी राखली."

त्या मूठभर नजरेतून त्यांनी नातीचं लग्न पाहिलं, पेपर वाचला, आणि शेवटच्या आठवड्यात माझ्या शर्टाचं बटण तुटलंय हेही सांगितलं. माझा राग मात्र अजून आहे. ती दोन वर्षं फुकट गेली... समोर येऊन रामराम करायला मला काय झालं होतं?

परवा त्यांच्या घरी गेलो. कडेचं दिसत नसल्यानं अर्ध्या उघड्या दाराची धार त्यांना लागायची, म्हणून त्या घरात दार एक तर पुरतं बंद, नाही तर पुरतं उघडं. मी आत येताना ते अर्धवटच लोटलं होतं. भाऊंच्या पत्नी सुभद्रावहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, दार अर्धं नका ठेवू."

मी उठलो आणि दार पार भिंतीला टेकवलं.