बंबाला पाजलेलं एरंडेल

आगीच्या बंबाचा दांडा चेंदणी कोळीवाड्याचे चार कोळी जीव खाऊन वरखाली करत होते, आणि पाइपातून पाणी येत होतं ते तुळशीपुरतं.

ठाण्याच्या मुलींच्या शाळेची मी हेडमिस्ट्रेस. छप्पर गवताचं, आगीला आयतं. संध्याकाळी सरकारी साहेब बंब पाहायला येणार होते. धार आढ्यावरून गेली नाही, तर कौलं बसेपर्यंत शाळा बंद. आणि मुलांनो, तेव्हा घरी बसलेली मुलगी शाळेत परत येत नसे. तिचं लग्न होई.

"बाय, यो बंब पानी पितंय, पन थुकत नाय," कोळ्यांचा म्होरक्या बुधाजी म्हणाला.

बंब सांभाळणारे भाऊराव दुखावले. "दसऱ्याला पूजा केलीय, बाई! पितळेत तोंड दिसेल. गंजू नये म्हणून सगळे भाग सुटे करून उन्हात वाळवलेत."

"कातडंसुद्धा?"

"तेही. पापडांपासून लांब, अर्थात."

सांगते. बंबाच्या पोटात पितळी नळकांडं असतं, ते सिलिंडर. त्यात वरखाली होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. त्याच्या टोकाला कातड्याची वाटी असते. दाबलेलं पाणी वाटीत शिरतं, तिची कड फाकून नळकांड्याला चिकटते आणि फट बंद होते. झिजायचं ते कातड्याने, पितळेने नाही. वाटी बदलता येते, नळकांडं महाग. पण कातडं मऊ हवं. आमच्या वाट्या वाळून आक्रसल्या होत्या. पाणी बाजूने निसटत होतं.

"चरबी मुरवायला हवी," मी म्हणाले.

भाऊराव दोन पावलं मागे सरले. "चरबी? अहो, मी याला नैवेद्य दाखवतो!"

मग मी औषधाचं कपाट उघडलं. पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलींसाठी तिथे एरंडेल असे. अख्खी बाटली कोमट करून वाट्या तिच्यात बुडवल्या. थोड्या वेळाने तिसरीच्या वर्गातून विचारणा आली, "बाई, बंबाला आणखी एक बाटली लागेल का?"

दुपारी भाऊरावांनी नाक मुरडत वाट्या बसवल्या. संध्याकाळी साहेब आले.

"चला रं, मारा!" बुधाजी ओरडला.

पहिल्या हिसक्यांना नुसती हवा. भाऊरावांनी डोळेच मिटले. मग पाइप ताठ झाला आणि धार आढ्यावरून पलीकडे गेली. साहेबांनी मान डोलावली. शाळा चालू राहिली.

भाऊरावांची पूजा मी बंद केली नाही. "देवांना रोज न्हाऊ घालता ना? मग याला निदान शनिवारी आतून भिजवा," एवढंच म्हणाले. बिनवापराचं यंत्र चकचकीत दिसतं, आणि तेवढंच करतं.